वेब आणि स्पिट्झरचा डेटा वापरणाऱ्या सर-मॅडमना मदत करायची असेल तर

गेली काही वर्षं मी सातारा-सांगलीकडच्या कॉलेजांतल्या तीन-चार सर-मॅडमना आणि त्यांच्या एमएस्सीच्या मुलामुलींना जेम्स वेब आणि स्पिट्झरसारख्या अवकाशातल्या इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उष्णतेचा उजेड बघणाऱ्या, दुर्बिणींच्या डेटात मदत करतोय. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, कॉम्प्युटरचा माणूस आहे, दिवसा दुसरी नोकरी आणि संध्याकाळी हे. आता बरीच मुलं विचारतात की दादा आम्हाला पण हे काम करायचंय, पण वेब दुर्बीण 15 लाख किलोमीटरवर आणि आम्ही इथं साताऱ्यात पोवई नाक्यावर, मग नेमकं करायचं काय? तर करता करता जे कळलं ते लिहून काढतोय, जसं आठवेल तसं.

आधी वडलांचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ते दूध संकलन केंद्रावर वही लिहायचे. कुणाचं दूध, किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, सकाळचं का संध्याकाळचं, मोजलं कुणी. आठ दिवसांनी कुणी तणतणत आलं की माझी फॅट कमी लावली, तर दूध कधीच टँकरमधून गेलेलं असायचं, हातात उरायची ती वही. दुर्बिणीच्या डेटाचं डिट्टो तसंच आहे बघा. तो प्रकाश एकदाच आला आणि डिटेक्टरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, पडून संपला, आता तो कशानं मोजला, कुठल्या मापानं दुरुस्त केला, मधे कुणी काय बदललं ही नोंद नसली तर सर कितीही हुशार असूद्यात, त्यांना नंतर उत्तर देता येत नाही. आणि ती नोंद ठेवायला त्यांना वेळ नसतो, लेक्चर असतात, पेपर तपासायचे असतात, परीक्षेच्या ड्युट्या असतात. तिथं आपण लागतो. प्रोग्रामिंग नंतर शिकता येतं, पण ज्याला वही लिहायचा कंटाळा आहे त्याने या कामात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडं थंडीबद्दल, कारण इन्फ्रारेडचं सगळं दुखणं तिथून सुरू होतं. कुठलीही गरम वस्तू इन्फ्रारेडमध्ये चमकते. उजेडाची तरंगलांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात, आणि आपल्या अंगाचा उजेड साधारण 10 मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, म्हणजे जमिनीवरच्या उबदार दुर्बिणीतून 10 मायक्रॉनवर आकाश बघणं म्हणजे पेटलेल्या चुलीत बसून बाहेरचा काजवा शोधणं. वरून हवा पण चमकते ती वेगळीच. म्हणून वेब दुर्बिणीला 5 थरांची छत्री लावलीय, तिच्या सावलीत आरसे आणि बहुतेक उपकरणं 40 केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे 233 अंशांच्या घरात राहतात, आणि मिरी नावाच्या उपकरणाला तर 7 केल्विनच्या खाली ठेवायला वेगळा क्रायोकूलर आहे. स्पिट्झर 25 ऑगस्ट 2003 ला उडाली, तिच्यात थंडीसाठी द्रवरूप हेलियम होतं, ते 15 मे 2009 ला संपलं. त्यानंतर फक्त 3.6 आणि 4.5 मायक्रॉनचे दोन चॅनल चालले, ते मात्र 30 जानेवारी 2020 पर्यंत. हेलियम संपल्याची ती 2009 ची तारीख पाठ करा. कुणी तुम्हाला म्हणालं की 2012 सालचा स्पिट्झरचा 24 मायक्रॉनचा डेटा काढून दे, तर दोन तास शोधत बसू नका, तो नाहीच. सरांना लगेच तसं सांगा आणि 2009 च्या आधीचं काही त्या जागेचं आहे का ते बघा. अशा एका तारखेनं माणसाचा अख्खा रविवार वाचतो.

कुठून सुरुवात करायची? सगळ्यांना वेबच पाहिजे असते, साहजिक आहे, फोटोच तसे आहेत. पण नवीन माणसाने वेबला आधी हात लावू नये असं मी सांगतो. स्पिट्झरचा आयरॅक कॅमेरा 256 बाय 256 पिक्सेलचा, फाईल लहान, आणि दुर्बीण बंद झाल्यामुळे कॅलिब्रेशन, म्हणजे मापांची दुरुस्ती, आता रोज बदलत नाही. अमेरिकेतल्या कॅल्टेकमधल्या आयपॅकच्या इर्सा अर्काइव्हवर, म्हणजे डेटाच्या कोठारात, सगळं फुकट पडलंय, हँडबुक इतकी सविस्तर आहेत की एका पावसाळ्यात नीट वाचून होतात. एक महिना तिथं हात बसू द्या, मग वेबकडे या. माझ्याकडे थेट वेबवर उडी मारलेली दोन मुलं पंधरा दिवसांत कंटाळून गेली, हुशार होती, त्याचं मला आजही वाईट वाटतं कारण तेव्हा त्यांना आधी स्पिट्झर करा म्हणून सांगायचं मलाच कळलं नव्हतं.

आणि हो, डेटाच्या आधी आकाश. नवीन मुलगा आला की थंडीत एकदा त्याला यवतेश्वरच्या पुढे अंधाऱ्या माळावर नेतो, सोबत स्वेटर आणि थर्मासमध्ये चहा, आणि मृग नक्षत्र दाखवतो, तो तीन चांदण्यांचा बाण आणि त्याच्या खाली लटकलेला धुरकट ठिपका. तो ठिपका म्हणजे मृगातला तेजोमेघ, वेबने सुरुवातीच्या काळातच त्यातल्या एका पट्ट्याचा अभ्यास केलाय. मग मी विचारतो की आत्ता डिसेंबरात हा मध्यरात्री डोक्यावर आहे तर वेब आत्ता इकडे बघत असेल का? सगळे हो म्हणतात. उत्तर नाही असं आहे. छत्री कायम सूर्याकडे ठेवावी लागते म्हणून वेबला सूर्यापासून 85 ते 135 अंशांच्या पट्ट्यातलंच बघता येतं, आणि डिसेंबरात मृग सूर्याच्या जवळजवळ बरोबर विरुद्ध बाजूला असतं, 150 अंशांच्या आसपास. तिला ते दिसतं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आणि परत फेब्रुवारी-मार्चकडे. माळावर उभं राहून हात पसरून हे एकदा समजलं की पुढे प्रपोजलमधल्या, म्हणजे दुर्बिणीचा वेळ मागायच्या अर्जातल्या, तारखांची अडचण कधी येत नाही.

पहिल्या भेटीत काय विचारायचं

सर म्हणतील, "अरे मला अमुक क्लस्टरचा (ताऱ्यांच्या गुच्छाचा) वेबचा डेटा काढून दे." लगेच डाउनलोडला लावू नका. वही काढा आणि विचारा, सर मोजायचं काय आहे? उजेड मोजायचाय, आकार बघायचाय, स्पेक्ट्रम, म्हणजे तरंगलांबीनुसार सुटा केलेला उजेड, पाहिजे, का वेळेनुसार बदल? किती मायक्रॉनवर? शेजारचे दोन तारे किती जवळ आहेत? यातला प्रत्येक प्रश्न वेगळ्या फाईलकडे नेतो. कुणाला लांबच्या गॅलक्सीतली हायड्रोजनची लाल रेषा पाहिजे असेल तर जागेवरच गुणाकार करून दाखवा, ती रेषा मुळात 0.6563 मायक्रॉनवर असते, रेडशिफ्ट, म्हणजे वाटेत तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप, 6 असेल तर त्यात 1 मिळवून 7 ने गुणायचं, 4.59 मायक्रॉन, म्हणजे निअरस्पेक या वेबच्या स्पेक्ट्रम घेणाऱ्या उपकरणात बसते. रेडशिफ्ट 8 असेल तर 5.9 होते, मग निअरस्पेकच्या बाहेर, मिरीकडे जावं लागेल. हा दोन मिनिटांचा हिशोब आधी न करता आठवडाभर चुकीच्या उपकरणाच्या फाईली उतरवलेली माणसं मी बघितलीत.

सांगलीच्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. तिला तरुण ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या चकत्या शोधायच्या होत्या, त्यासाठी वाईज नावाच्या लहान अवकाश दुर्बिणीचा कॅटलॉग घेतला होता, 22 मायक्रॉनवर ज्याचा उजेड अपेक्षेपेक्षा जास्त त्याच्याभोवती धूळ, असा साधा विचार. चांगला विचार आहे. पण वाईजचा आरसा 40 सेंटिमीटरचा, 22 मायक्रॉनवर तिची नजर 12 आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), त्या गोलात तारा पण येतो आणि मागची एखादी धुळकट गॅलक्सी पण येते, आणि कॅटलॉगमध्ये दोघांचं मिळून एकच नाव लागतं. मी तिला एवढंच सांगितलं की ताई, यादीतल्या प्रत्येक ताऱ्याचा स्पिट्झर नाहीतर वेबचा फोटो असेल तर शेजारी लावून डोळ्यांनी बघ. एकेक करून बघितले आणि बरेच गळाले. उरले ते खरे. यात माझं विज्ञान काहीच नव्हतं, मी फक्त फोटो काढून एका मापात लावून दिले.

तिथंच अजून एक खड्डा आहे, वाईजच्या कॅटलॉगमधल्या मॅग्निट्यूड, म्हणजे तेजाचे आकडे, वेगा पद्धतीतल्या असतात आणि वेबवाले बहुतेक एबी पद्धत वापरतात. 3.4 मायक्रॉनवर दोघांत सुमारे 2.7 चा फरक पडतो, म्हणजे उजेडात 12 पट. वहीत आकड्यापुढे वेगा का एबी ते लिहिल्याशिवाय आकडा लिहायचाच नाही, जसं फॅटच्या रकान्यात एसएनएफ लिहीत नाहीत.

डाउनलोड आणि फाईलींच्या पायऱ्या

वेबचा डेटा बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या मास्ट अर्काइव्हमध्ये असतो. नवीन निरीक्षणांवर साधारण 12 महिने ज्याचं प्रपोजल त्याचाच हक्क असतो, नंतर सगळ्यांना खुलं, बरेचसे मोठे प्रोग्राम तर पहिल्या दिवसापासून खुले असतात. खुला डेटा वापरायला कुठलंही प्रपोजल लागत नाही, फी लागत नाही, हे सर-मॅडमना पण बऱ्याचदा माहीत नसतं, ते आवर्जून सांगा.

फाईलीच्या नावातच तिची कुंडली असते. पहिले पाच आकडे प्रोग्रामचे, पुढचे तीन निरीक्षणाचे, मग तीन व्हिजिटचे, शेवटी डिटेक्टरचं नाव आणि फाईल कुठल्या पायरीवरची आहे ते. अनकॅल म्हणजे कच्ची, रेट म्हणजे उताराची, कॅल म्हणजे कॅलिब्रेट केलेली, आय-टू-डी म्हणजे सगळे तुकडे जोडून केलेलं चित्र, एक्स-वन-डी म्हणजे काढलेला स्पेक्ट्रम.

ही उताराची भानगड नीट समजून घ्या कारण अर्ध्या चुका इथून निघतात. डिटेक्टर एकदाच फोटो काढत नाही, प्रकाश साठत असताना तो न पुसता पुन्हा पुन्हा वाचला जातो. गच्चीवरच्या टाकीत मोटरचं पाणी पडतंय आणि तुम्ही दर मिनिटाला काठी बुडवून पातळी लिहिताय असं समजा. पातळ्यांचा उतार म्हणजे पाण्याची धार किती जोराची ते. मधेच कुणी बादली ओतली तर पातळी एकदम उडी मारते पण नंतरचा उतार परत तोच राहतो, तर कॉस्मिक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, ही ती बादली, आणि पाइपलाइन, म्हणजे कच्चा डेटा दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, ती उडी ओळखून बाजूला काढते. आणि टाकी भरून वाहायला लागली की काठी काही सांगत नाही, ते सॅच्युरेशन. म्हणून तेजस्वी तारा मधोमध काळा नाहीतर विचित्र दिसला की घाबरायचं नाही, टाकी भरली होती का ते बघायचं, कधीकधी भरायच्या आधीच्या पहिल्या दोन-तीन पातळ्यांवरून पण उतार निघतो.

आता जागेचा हिशोब. निअरकॅमचा, म्हणजे वेबवरच्या एका कॅमेऱ्याचा, एक डिटेक्टर 2048 बाय 2048 पिक्सेलचा, एका पिक्सेलला 2 बाइट, म्हणजे एका वाचनाला 8 एमबीच्या वर. 10 वाचनं, 10 डिटेक्टर, 4 वेळा दुर्बीण किंचित सरकवून घेतलेलं, झाले 3 जीबीपेक्षा जास्त, तेही एका फिल्टरच्या जोडीचे फक्त कच्चे. पाटणकडं डोंगरात राहणाऱ्या पोराला मोबाईलच्या नेटवर हे उतरव म्हणणं बरोबर नाही. माझा नियम असा की आधी फक्त आय-टू-डी किंवा एक्स-वन-डी उतरवायच्या, त्यावर सरांचा प्रश्न सुटतोय का बघायचं, नाही सुटला तर कॅल, मग रेट, आणि खरंच गरज असेल तरच अनकॅल. लाईट जाणार, नेट तुटणार हे धरून चालायचं, एकेक फाईल उतरली की साइज तपासून वहीत टिक करायची. 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पाइपलाइनची पहिली पायरी चालवायची असेल तर एका वेळी एकच डिटेक्टर लावा, सगळे एकदम लावले की लॅपटॉप बसलाच. आणि पाइपलाइनसाठी पायथनचं स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट ठेवा, कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या पायथनमध्ये ते मिसळू नका.

वहीचे रकाने

प्रत्येक फाईलीच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, दोन गोष्टी असतात, कुठल्या व्हर्जनच्या पाइपलाइनने ती बनवली आणि सीआरडीएसचा कुठला कॉन्टेक्स्ट, म्हणजे संदर्भ फाईलींचा कितवा संच, वापरला. सीआरडीएस म्हणजे संदर्भ फाईलींचं कोठार, डिटेक्टरचा कुठला पिक्सेल खराब, कुठला किती संवेदनशील, उजेडाचं माप काय, हे सगळं तिथं असतं आणि ते सुधारत राहतं, त्यामुळे मास्टवरची तीच फाईल सहा महिन्यांनी उतरवली तर आकडे वेगळे येऊ शकतात. म्हणून माझ्या वहीत रकाने असे आहेत: फाईलीचं नाव, उतरवल्याची तारीख, पाइपलाइन व्हर्जन, कॉन्टेक्स्ट, मी काय बदललं, का बदललं, कुणी सांगितलं. शेवटचे दोन रकाने लोक सोडतात आणि तेच लागतात.

हे मी चुकीतून शिकलो. एका क्लस्टरचे दोन फिल्टरचे फोटो एका विद्यार्थ्याला दिले, एक माझ्या हार्ड डिस्कवर जुलै 2022 मध्ये उतरवलेला होता तो तसाच दिला आणि दुसरा नवा उतरवला, कॉन्टेक्स्ट तपासला नाही. वेबचे पहिले फोटो 12 जुलै 2022 ला आले, तेव्हाचं निअरकॅमचं उजेडाचं माप उड्डाणाआधीच्या अंदाजावर होतं, पुढच्या काही महिन्यांत ते बदललं. त्या मुलाने रंगांचा आलेख काढला तर त्याचे तारे अपेक्षेपेक्षा लाल. तो खूश, त्याला वाटलं धूळ सापडली, दोन आठवडे त्याने धुळीवर वाचन केलं, सरांनी पण डोकं घातलं. शेवटी मॅडमनी आलेख बघून एकच वाक्य विचारलं, "एका डिटेक्टरवरचे सगळे तारे अगदी एकाच मापाने सरकलेत, धूळ इतकी सारखी पसरते का रे?" नाही पसरत. आकाशातली धूळ कुठं दाट, कुठं विरळ. सगळं एकसारखं सरकलं की कारण आपल्या मापात शोधायचं. त्या मुलाचे दोन आठवडे माझ्या एका रिकाम्या रकान्यामुळे गेले, मी त्याच्या घरी जाऊन तसं सांगितलं, आणि तेव्हापासून एका कामातल्या सगळ्या फाईली एकाच दिवशी, एकाच कॉन्टेक्स्टच्या, हा नियम मोडत नाही.

आकाशातलं का यंत्रातलं?

मुलं फोटोत काहीतरी वेगळं दिसलं की पळत येतात, आणि यावंच, तो आनंद मारू नका. पण तपासून द्या. निअरकॅमच्या कमी तरंगलांबीच्या काही डिटेक्टरवर धुरासारखे पांढरे फराटे दिसतात, त्यांना विस्प म्हणतात, तो इकडचा तिकडचा परावर्तित उजेड असतो, बघणाऱ्याला हमखास तेजोमेघ वाटतो. गोल मोठे पांढरे डाग असतात त्यांना स्नोबॉल म्हणतात, तो मोठ्या कॉस्मिक किरणांचा मार. आडव्या बारीक रेघा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची खरखर. आधीच्या फोटोतल्या तेजस्वी ताऱ्याची सावली पुढच्या फोटोत मागे राहते ती पण फसवते. आणि प्रत्येक तेजस्वी ताऱ्याला आठ टोकं असतात, सहा मोठी दोन लहान, ती आरशाच्या षटकोनी आकाराची आणि आधाराच्या दांड्यांची, त्यावर कुणी प्रबंध लिहू नये.

तपासायची एक रीत सगळ्यांना पुरते. दुर्बीण मुद्दाम थोडी थोडी सरकवून चार-सहा फोटो घेतलेले असतात, ते एकेक उघडा. जे ताऱ्यांबरोबर सरकतं ते आकाशातलं. जे डिटेक्टरच्या त्याच पिक्सेलवर बसून राहतं ते यंत्रातलं. जे एकाच फोटोत आहे ते बहुतेक कॉस्मिक किरण. आणि जे ताऱ्यांबरोबर पण नाही, पिक्सेलला पण चिकटलेलं नाही, स्वतःच्याच चालीनं सरकतंय, तिथं थांबा, तो लघुग्रह असू शकतो.

पिक्सेलच्या दर्जाच्या आकड्यांबद्दल एक बारीक पण महत्त्वाचं. प्रत्येक पिक्सेलला एक आकडा असतो, 1 म्हणजे वापरू नका, 2 म्हणजे सॅच्युरेट झाला, 4 म्हणजे उडी सापडली, आणि हे आकडे बेरजेने येतात. मुलं प्रोग्राममध्ये लिहितात की आकडा बरोबर 1 असेल तर पिक्सेल टाक. मग 5 वाला पिक्सेल, म्हणजे 1 अधिक 4, तसाच आत राहतो, खरं तर तो पण टाकायचा होता. बेरजेतला 1 चा बिट तपासायचा असतो. मदत करायला बसलात की पोरांच्या प्रोग्रामात ही ओळ आधी शोधा, मला तरी ती दर दुसऱ्या प्रोग्रामात चुकलेली सापडते.

एककांचं पण तसंच. वेबच्या फोटोतला आकडा असतो मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन, म्हणजे आकाशाच्या ठरावीक तुकड्यावर पसरलेला उजेड (जान्स्की हे उजेडाचं एकक). ताऱ्याचा एकूण उजेड पाहिजे तर पिक्सेलच्या क्षेत्रफळाने गुणावं लागतं, ते त्याच फाईलीच्या हेडरमध्ये दिलेलं असतं. निअरकॅमच्या लांब तरंगलांबीच्या 0.063 आर्कसेकंदांच्या पिक्सेलला 1 मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन म्हणजे साधारण 93 नॅनोजान्स्की. हा एक आकडा भिंतीवर चिकटवून ठेवा, उत्तर हजारपटीने चुकलं तर लगेच खटकेल. कमी तरंगलांबीचा पिक्सेल 0.031 आर्कसेकंदांचा, त्याला हा आकडा लावू नका.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर काम करणारे असतील तर वेळेकडे बघा. ट्रॅपिस्ट-1 भोवतीचे सात ग्रह फेब्रुवारी 2017 मध्ये जाहीर झाले, त्यात स्पिट्झरने तो तारा 20 दिवस जवळपास सलग बघितला होता, आणि तिथं ग्रह एकमेकांना किती ओढतात ते ग्रह ताऱ्यासमोरून जायच्या वेळेतल्या काही सेकंदा-मिनिटांच्या फरकावरून काढतात. घड्याळाची वेळ आणि सूर्यमालेच्या केंद्राला धरून काढलेली वेळ यात 8 मिनिटांपर्यंत फरक पडतो, वरून यूटीसी (रोजच्या घड्याळाची) आणि टीडीबी (सूर्यमालेच्या हिशोबाची) या वेळेच्या दोन पद्धतींत आत्ता सुमारे 69 सेकंदांचा. वहीत वेळ लिहिताना कुठली ते लिहा.

मदत मागायची रीत

अडलात तर वेबच्या हेल्पडेस्कला विचारा, ती माणसं खरंच उत्तर देतात, विद्यार्थ्यालाही देतात. पण तिथला दिवस म्हणजे आपली रात्र, बाल्टिमोरचे सकाळचे 9 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, त्यांच्या थंडीत साडेसात. म्हणून प्रश्न संध्याकाळी सहाच्या आत पाठवून टाका म्हणजे तिकडे ऑफिस उघडताच समोर असेल. प्रश्नात फाईलीचं पूर्ण नाव, व्हर्जन, कॉन्टेक्स्ट, तुम्ही काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि एरर जशीच्या तशी मजकुरात, स्क्रीनचा मोबाईलने काढलेला फोटो नको. वही नीट असेल तर हे लिहायला दहा मिनिटं लागतात. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, फाईलीचं नाव चुकलेलं चालत नाही. आणि सगळंच परदेशी विचारायची गरज नाही, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, तिथं कॉलेजच्या शिक्षकांना जाऊन काम करायची सोय आहे, साताऱ्याहून अडीच-तीन तासांची एसटी, सरांना न्या.

कुणाचा बंद डेटा हाताळत असाल तर त्यातला एकही फोटो व्हॉट्सअॅपवर जाता कामा नये, आणि मास्टचं टोकन, म्हणजे लॉगिनची चावी, ग्रुपवर टाकायचं नाही. पेपर लिहायच्या वेळी डेटाचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मास्टवरून काढून सरांना द्या.

प्रपोजलची रात्र

जगातल्या कुठल्याही देशातला अभ्यासक वेबसाठी वेळ मागू शकतो, आपल्याकडचा पण. गर्दी प्रचंड असते, अर्जांच्या चौथ्या फेरीला 2300 च्या वर प्रपोजल आली आणि मिळून सुमारे 78,000 तास मागितले, वर्षात तास असतात 8,760. म्हणून आपलं काम असं की सरांचं प्रपोजल कुठल्या किरकोळ कारणाने तरी पडू नये. आधी मास्टवर बघा की तीच जागा त्याच फिल्टरने कुणी घेतलीय का. मग एक्स्पोजर टाइम कॅल्क्युलेटरमध्ये तारा भरून वाहत नाही ना ते तपासा. मग एपीटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं भरून व्हिजिट प्लॅनर चालवा, जागा वर्षात कधी दिसते ते तो सांगतो, तिथं लाल खूण आली तर माळावरचे ते 85 ते 135 अंश आठवा.

तपासणाऱ्यांना नावं दाखवत नाहीत आणि त्यांना ओळखता पण येता कामा नये, त्यामुळे मजकुरात "आमच्या आधीच्या पेपरमध्ये आम्ही दाखवलं" असं कुठंही नको, तिऱ्हाईतासारखं लिहायचं. सर लोकांच्या हातून हे हमखास राहतं कारण सवयच तशी, म्हणून शेवटचं वाचन तुम्ही करा, फक्त "आम्ही" आणि "आमचे" शोधत. पीडीएफमध्ये लपलेलं लेखकाचं नाव पण काढा. मला हे काम मनापासून आवडतं, कारण साताऱ्यातल्या कॉलेजचं प्रपोजल आणि मोठ्या परदेशी विद्यापीठाचं प्रपोजल तिथं शेजारी शेजारी पडतात आणि वाचणाऱ्याला फक्त विचार दिसतो.

मुदतीची वेळ अमेरिकेतली असते. चौथ्या फेरीची मुदत 15 ऑक्टोबर 2024 ला तिथल्या रात्री 8 ची होती, म्हणजे आपल्याकडे 16 तारखेची पहाटेची साडेपाच. तारीख कागदावर 15 बघून लोक गडबडतात, आणि उलट पहाटेपर्यंत वेळ आहे म्हणून रात्रभर बदल करत बसतात ते त्याहून वाईट. मी सरांना सांगतो की रात्री 10 ला पहिल्यांदा सबमिट करून टाकायचं, मुदतीच्या आत परत सबमिट करता येतं, मग लाईट गेली तरी जीव टांगणीला नको. इन्व्हर्टर चार्ज, मोबाईलचा हॉटस्पॉट तयार, फाईलीची एक प्रत पेनड्राइव्हवर. शेवटचं सबमिट झालं की स्क्रीनवर आलेला मेसेज आणि ईमेलची पोच, दोन्ही सेव्ह करा, पीडीएफ वेगळ्या फोल्डरात ठेवा, आणि झोपायच्या आधी वहीत लिहा: कितव्यांदा पाठवलं, किती वाजता, शेवटचा बदल काय केला, तो कुणी सांगितला.